गिकासच्या नावाचे गहू

इद्रा बेट
संत दिमित्रीचा सण उलटल्यावर, १८२०

गिकास,

बाकीचे सगळे आले. तू कुठे आहेस?

बोट धक्क्याला लागली तेव्हा आई सगळ्यांच्या पुढे उभी होती. एकेक जण उतरला, ज्याचं माणूस त्याला मिळालं, तरी आई आपली बोटीत वाकवाकून बघतेय, जसा काही तू दोरांच्या वेटोळ्यामागे लपून बसलायस. शेवटी नावाड्यानंच सांगितलं, "मावशी, रिकामी आहे." घरी आल्यावर तिनं बाबांची अशी काही हजेरी घेतली, की खालच्या आळीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

तिचं तरी काय चुकलं? सुलतानाच्या आरमाराला बेटानं दरवर्षी खलाशी द्यायचे, हे आजोबांच्या आधीपासून चालत आलंय. वसंतात संत जॉर्जच्या सणाला न्यायचे आणि हिवाळ्याच्या तोंडावर संत दिमित्रीला सोडायचे. घराची पाळी आली की बाकीचे कप्तान काय करतात ते बाबांना ठाऊक नव्हतं का? एखाद्या गरिबाच्या पोराला चार पैसे द्यायचे आणि आपल्या पोराऐवजी धाडायचं. पण नाही. "पांतेलिसच्या घरची पाळी पांतेलिसचा मुलगाच भरेल." सगळ्या बेटानं वाहवा केली. आता त्या वाहवेचं काय लोणचं घालायचंय?

बरं, एक चांगली बातमी. मला दिवस गेलेत. मित्रोस परवाच बाबांबरोबर जहाजावर चढला, गहू घेऊन लिव्होर्नोला गेलेत, त्याला अजून माहीत नाही. तुला आधी सांगतेय. तीन मुली झाल्यावर 'आता पुरे' म्हणून आईनं माझं नाव स्तामाता ठेवलं, आणि पाठोपाठ तू झालास. म्हणजे तू माझ्या नावामुळे या जगात आहेस, हे विसरू नकोस. काय झालंय ते लिही. झिसिमोसकाका काळ्या समुद्रावरून अंबाडी घेऊन सुलतानाच्या गोदीत जातात, त्यांच्याकडे हे पत्र देतेय. त्यांच्या जहाजावर इंग्रजांचं निशाण आहे, त्यांना कुणी अडवत नाही. वर्षभर तू शाळामास्तरांकडून शिकून येऊन मला अक्षरं गिरवायला लावायचास, त्याचा कधी काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

तुझी ताई


इस्तंबूल, सुलतानाची गोदी
नाताळानंतर

ताई,

मला बाबांनीच बुडवलं. आयुष्यभर कानीकपाळी ओरडले, "काम असं कर, की धन्याला तुला सोडावंसंच वाटू नये." घ्या. नाही सोडत.

झालं असं. परतीच्या आधी इथल्या उस्तानं, म्हणजे दोरखान्याच्या मुख्य कारागिरानं, माझा एक सांधलेला दोर बघितला. ओढला, लोंबकळला, परत ओढला. मग माझ्या गालाचा चिमटा घेतला आणि कारकुनाला म्हणाला, "हा राहू दे." एवढंच. बाकीचे बोटीत बसले आणि मी दोरखान्याच्या दारात उभा. हिवाळ्यात सगळ्या जहाजांचे दोर बदलायचेत म्हणे. वसंतात सोडतील.

जेवण म्हणजे पावट्याचं पाणी. आईनं धाडलेल्या सुक्या अंजिरांवर मी आणि उस्ता दोघं जगतोय. माणूस वाईट नाही. दाढीत अंजिराच्या बिया अडकलेल्या असतात आणि मला शिव्या देत असतो.

मुलगा झाला तर मित्रोसच्या वडिलांचं नाव ठेवावं लागेल, म्हणजे अनार्गिरोस. बिचारं पोर. ईस्टरला येतो, तेव्हा लाडाचं नाव मी ठेवीन.

गिकास


इद्रा
ईस्टरच्या नंतर, १८२१

गिकास,

हे पत्र वाचून जाळून टाक.

बेट सुलतानाविरुद्ध उठलंय. नुसतं आपलं नाही, सगळा देशच. राजा नाही, पैसा नाही, देश म्हणजे नक्की कुठून कुठवर तेही कुणाला सांगता येत नाही, पण आरमार आहे. आणि आरमार म्हणजे कोण, तर आपलीच जहाजं. कालपर्यंत गहू वाहायची ती. बाबांच्या जहाजाच्या, 'आया एलेनी'च्या, दोन्ही बाजू सुतारांनी करवतीनं कापल्या आणि तोफांची तोंडं बाहेर काढली. तळाच्या फटींत सांडलेला गहू ओला होऊन उगवलाय, त्या हिरव्यावरच तोफगोळे रचलेत. खलाशी म्हणतात, आधी महिन्याचा पगार द्या, मग देशासाठी मरतो. रोज धक्क्यावर हमरीतुमरी चाललेली असते. अशी ही आपली फौज, पण खरं सांगू, निशाण चढलं तेव्हा मी पोट धरून रडले.

आता वाईट सांगते. जहाज बाबांचं, पण सुकाणू त्यांच्या हाती नाही दिलं. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत त्यांना तोंडावर सांगितलं, "ज्याचा मुलगा सुलतानाच्या मुठीत, त्याचा हात ऐन वेळी थरथरणार. तुला कप्तान नाही करता येत." आणि हे बोलणारे कोण? ज्यांनी आपली पोरं घरी ठेवून भाड्याची पोरं धाडली तेच! त्यांतल्याच एकाला आपलं जहाज दिलं. बाबा घरी आले, जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसले.

गिकास, पळ. काय वाटेल ते कर, पण तिथून नीघ.

ताई


इस्तंबूल
जूनचा सुरुवातीचा आठवडा

ताई,

पळ म्हणतेस. पायात बेडी आहे.

बातमी आली त्या दिवशी आपल्या बेटांच्या सगळ्यांना अंगणात उभं केलं. काहींना तिथल्या तिथे लटकवलं. बाकीचे पलीकडच्या बंदीखान्यात आहेत. मला उस्तानं मानगुटीला धरून ओढत दोरखान्याच्या माळ्यावर आणलं आणि बाहेरून कडी घातली. कारकुनाला सांगितलं, "याचे हात मला लागतात." म्हणून मी जिवंत आहे. आपल्या पोरांपैकी कुणालाही माहीत नाही मी इथे आहे ते. त्यांना वाटत असेल, मलाही त्याच दिवशी संपवलं. झिसिमोसकाका अंबाडी मोजून द्यायला वर येतात, तेव्हा मला माणसाचं तोंड दिसतं.

आता नीट ऐक. इथे बोललं जातंय की अदलाबदल होणार. आपल्या जहाजांनी त्यांचा कुणी मोठा अधिकारी पकडलाय, कुटुंबकबिल्यासकट. त्याच्या बदल्यात काही पोरं सोडतील. पण नावं बेटानं द्यायची आहेत. बेटानं ज्याचं नाव घेतलं तो सुटला. ज्याचं घेतलं नाही तो इथेच कुजणार. बाबांना म्हणावं, बैठकीत उठा आणि माझं नाव घ्या. कप्तान नसाल, बाप तर आहात. एवढंच करायचंय त्यांना. ताई, एवढंच.

इथे खिडकी आहे, पण तिच्यातून पाणी दिसत नाही, नुसती भिंत. मी जहाजावरचा माणूस, भिंतीकडे बघून वेडा व्हायची पाळी आलीय.

गिकास


इद्रा
ऑगस्ट

प्रिय गिकास,

पत्र पोचलं. तुझं सगळं बोलणं बाबांना वाचून दाखवलं. ते बघतायत. अशा गोष्टींना वेळ लागतो, तू धीर सोडू नकोस.

मला मुलगा झाला. चांगला गुटगुटीत आहे, रडतो तेव्हा बंदरातल्या बकऱ्या उत्तर देतात. मित्रोस खूश आहे. परवा बारसं झालं, पाद्रीबाबांनी पाण्यात बुडवल्यावर त्यांच्याच दाढीला घट्ट धरून बसला. गिकास नाव ठेवलं.

बाबांना 'आया एलेनी'चं सुकाणू मिळालं. आता तेच कप्तान आहेत, सोळा तोफा आहेत, मित्रोसही त्यांच्याबरोबर असतो. एकदा लढून आलेत. आईची तब्येत जरा बरी नसते.

अंजीर पाठवतेय. उस्तालाही दे.

तुझी ताई


इस्तंबूल
सप्टेंबर

ताई,

तुला खोटं बोलता येत नाही, आणि लिहिता तर त्याहून येत नाही.

मुलाचं नाव अनार्गिरोस असायला हवं होतं. मित्रोसच्या बापानं काय पाप केलंय म्हणून त्याचं नाव नको झालं? मामाचं नाव भाच्याला कधी ठेवतात ते मला शिकवू नकोस. मामा मातीत गेला, की त्याचं नाव उचलतात.

मेलेल्यांसाठी शिजवतात ते गोड गहू माझ्या नावानं शिजवले ना? चर्चमध्ये वाटले? डाळिंबाचे दाणे घातले होते का, की पैसे वाचवले? कोणकोण आलं? मला मरून किती दिवस झाले, तेवढं तरी कळू दे. आणि आईला माहीत आहे का, की मी जिवंत आहे?

खरं लिही. माझ्यापासून काय लपवायचंय आता.

गिकास


इद्रा
नाताळाच्या उपवासात

गिकास,

डाळिंब घातलं होतं. बदामही. आईनं स्वतः सोलले.

तिला माहीत नाही. हे सगळ्यांत आधी लिहिते, कारण तेच मला रोज जाळतं. ती तुझ्यासाठी काळं नेसते. आरसा भिंतीकडे फिरवलाय. आणि मी तिच्या शेजारी बसून भाजी निवडते, तुझं पत्र माझ्या कमरेला खोचलेलं असतं.

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते ते मी लिहिलं होतं. एक दिवस उठले, झिसिमोसकाकांच्या जहाजावर गेले आणि परत येऊन अंगणात आईला म्हणाले, "गिकास गेला. बाकीच्यांबरोबर लटकवलं." आई जिथे होती तिथेच खाली बसली. झिसिमोसकाकांना लोकांनी विचारलं, तर त्यांनी फक्त छातीवर क्रूसाची खूण केली आणि नांगर उचलला. मित्राच्या भिडेनं केलं असेल. मी बाबांना विहिरीपाशी गाठलं.

"बाबा, त्याचं पत्र माझ्याकडे आहे. परवाचं."

"मला माहीत आहे."

"मग हे काय चालवलंय?"

"हळू बोल. माझं जहाज तो हेंगाडा चालवतोय, त्याला शीड कुठून धरायचं कळत नाही. माझा मुलगा जिवंत आहे तोवर मला कुणी सुकाणूला हात लावू देणार नाही. जहाज हातात आलं तर मी काहीतरी करीन. त्याला आणायलाही जाईन. नुसता बाप म्हणून बसून काय करू?"

"आणि अदलाबदल? मेलेल्याचं नाव कोण घेईल?"

तर म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा बघू."

तेव्हाचं तेव्हा आलं. चर्चच्या अंगणात सगळं बेट जमलं. एकेका बाईनं आपल्या पोराचं नाव घेतलं, पाच नावं झाली. पाद्रीबाबांनी विचारलं, "आणखी कुणी?" बाबा कप्तानांच्या रांगेत, पट्ट्यात पिस्तूल खोचून उभे. मी त्यांच्याकडे बघतेय. ते आपल्या बुटांकडे बघतायत. माझ्या तोंडाशी तुझं नाव आलं होतं, गिकास. आई माझ्या खांद्याला टेकून रडत होती, मी तोंड उघडलं असतं तर बापाला सगळ्या बेटानं खोटारडा म्हणून दगडं मारली असती. लेकाचे गहू फसवून खाऊ घातले, हे कुणी सोडत नाही. मी गप्प राहिले. बाबांवर काय तोंड टाकू, मीही गप्पच राहिले.

बाळाचं नाव आईनं हट्टानं ठेवलं. "माझा गिकास परत आला," म्हणते. त्याला एका मिनिटासाठी खाली ठेवत नाही. आता तू परत आलास तर तिला आनंद होईल, आणि बाबा संपतील. नाही आलास, तर मी. तू मला वाटेल ते बोल.

स्तामाता


इस्तंबूल
ईस्टरच्या आधीच्या उपवासात, १८२२

ताई,

त्या पाच जणांना नेताना मी पाहिलं. उस्ता मला दोर वाळवायला गच्चीवर घेऊन गेला होता, नेमके तेव्हाच ते खालून बोटीकडे चालले होते. मी ओरडलो. पण खाली फळ्यांच्या भेगा बुजवणारे पन्नास जण ठोकत होते, कुणाला ऐकू जाणार? एकानं वर बघितलं, पण सूर्य माझ्या मागे होता. बोट गेली. उस्तानं माझ्या हातात दोराचं दुसरं टोक दिलं आणि म्हणाला, "धर." दुसरं काय म्हणणार तो.

तुला काही बोलणार नाही. तू गप्प राहिलीस त्याचा राग आला होता, चार दिवस राहिला, मग गेला. बाबांचा अजून आहे.

आता वसंतात आरमार निघतंय, आपल्याच बेटांवर. माझी रवानगी मोठ्या तीन मजली जहाजावर झालीय. दोरांची कामं करणारे माहीतगार पुरे पडत नाहीत, म्हणून आम्हा बेडीवाल्यांना चढवलंय. खाली असलो की बेडी घालतात, डोलकाठीवर चढायचं असलं की काढतात. वरून पळून जाणार कुठे? पण वर वारा लागतो, पाणी दिसतं. इतक्या महिन्यांनी पाणी दिसलं, तर मला तिथून खाली यावंसंच वाटत नाही.

इथल्या लोकांना आपल्या आगजहाजांची फार धास्ती आहे. डांबर आणि बंदुकीची दारू भरलेलं जुनं जहाज येऊन चिकटतं, पेटतं, आणि पेटवणारे मागच्या होडीतून पळतात, हे सगळं ते एकमेकांना रंगवून सांगतात. तसं एखादं या जहाजाला लागलं तर आम्ही बेडीत असणार. हे तुला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायला हवं होतं. बाबांना सांगू नकोस. मी तर तिथे मेलेलोच आहे, त्यांचा हात पुन्हा कशाला थरथरवायचा.

गिकास


इद्रा
जुलै, १८२२

गिकास,

मी सांगितलं.

'आया एलेनी' जुनी झाली, गळायला लागली. बैठकीत ठरलं, तिच्या तोफा दुसऱ्या जहाजाला द्यायच्या आणि तिला आगजहाज करायचं. बाबा म्हणाले, "माझं जहाज मीच नेणार." तोफांच्या जागी काळे रंगवलेले ओंडके बसवले, लांबून कळू नये म्हणून. पोटात सुकी झुडपं, गंधक, डांबर. कुणावर सोडायची, तर तीन मजलीवर. तू आहेस त्याच जहाजावर. मित्रोसही त्यांच्याबरोबर जाणार होता, आग लावायचा पलिता त्याच्या हातात. गप्प बसले तर तू जळणार. सांगितलं आणि बाबा ऐन वेळी अडखळले तर नवरा मरणार. कुणाला विचारू? बाळाला कडेवर घेतलं आणि भर दुपारी धक्क्यावर गेले.

बाबा स्वतः डांबर फासत होते.

"बाबा, त्या मोठ्या जहाजावर गिकास आहे."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच. तुम्हाला सांगू नकोस असंही लिहिलंय."

ते फासत राहिले. "तो मेलाय."

"बाबा."

"स्तामाता, गहू मी खाल्लेत. सगळ्या बेटासमोर खाल्लेत. मुलाला ऊन लागतंय, घरी जा."

मी तिथेच उभी राहिले. ते त्या एकाच फळीवर परत परत कुंचा मारत होते.

पुढचं मला मित्रोसनं सांगितलं. सकाळी वारा छान होता. तीन मजली नांगरावर होतं, तिथल्यांना वाटलं त्यांच्याच आरमाराचं कुणी भरकटलेलं जहाज आहे. इतके जवळ गेले, की वरच्या माणसांचे फेटे दिसायला लागले. मित्रोस पलिता घेऊन बाबांच्या हुकमाची वाट बघतोय. आणि बाबा समोर बघतच नव्हते म्हणे. मान वर करून त्या जहाजाच्या डोलकाठ्यांकडे बघत होते, एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. मित्रोस ओरडला, "कप्तान, पेटवू?" बाबांनी सुकाणू फिरवलं. तीन मजलीच्या मागून निसटले. तेव्हा कुठे तिथल्यांच्या लक्षात आलं आणि बंदुका सुटल्या. मित्रोसच्या दंडात गोळी आहे, बरा होईल.

'आया एलेनी' न जळता परत आली. सगळं बेट धक्क्यावर. वडीलधाऱ्यांनी विचारलं, काय झालं? आपले खलाशी एका सुरात म्हणाले, "वारा पडला." कुणी शिकवलं नव्हतं, कप्तानासाठी आपणहून म्हणाले. तिथे संपलं असतं. पण बाबा फळीवरून उतरले आणि म्हणाले, "वारा पडला नाही. मी फिरवलं. माझा मुलगा त्या जहाजावर आहे. तो मेलेला नाही, कधीच नव्हता. मी त्याचे खोटे गहू वाटले."

कुणी दगड उचलला नाही. बाबांनी टोपी काढली आणि उभे राहिले, तर लोक नुसते बाजूला सरकले. आई पुढे आली. मला वाटलं, ती त्यांना ओरबाडणार. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"काय खायला देतात त्याला?"

मी म्हटलं, "पावटे." ती घरी गेली, काळा रुमाल चुलीत घातला. तेव्हापासून बाबांशी दोन शब्द तरी बोलते, माझ्याशी एकही नाही.

जहाज बाबांकडून काढून घेतलं. कॉफीच्या दुकानात ते जाऊन बसले, की त्यांच्या बाकावरची माणसं उठतात. तुझं नाव आता पुढच्या अदलाबदलीला दिलंय, पाद्रीबाबांनी स्वतः घेतलं. बाबा रोज मला एकच विचारतात. सुटका कधी, हे नाही. विचारतात, "मी वळलो ते त्यानं पाहिलं असेल का?" काय सांगू त्यांना?

ताई


इस्तंबूल
नोव्हेंबर, १८२२

ताई,

हा पहिला भाग बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा, मी पाहिलं. मी पुढच्या डोलकाठीवर होतो, पार वर. 'आया एलेनी' मी लांबूनच ओळखली, तुमच्याइतकी ताणून शिडं दुसरं कुणी बांधत नाही. त्या तोफा ओंडक्यांच्या आहेत हेही मला कळलं, आणि कशाला येताय तेही. मी कुणाला सांगितलं नाही. दोराला मिठी मारून बसलो आणि डोळे मिटणार होतो, पण मिटले नाहीत. तुम्ही वर बघत होतात. मला हात हलवायचा होता, पण हात सुटेना. मग तुम्ही वळलात. तुम्ही मला गाडलंत त्याचा राग त्या दिवशी गेला. खरंच गेला, बाबा. आईला सांगा, अंजीर मिळतात, आणि पावटे आता मला आवडायला लागलेत.

ताई, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नकोस.

बाबा वळले त्यानंतर तीन मजली नांगर उचलून खालच्या बेटाकडे गेलं. आपल्याहून लहान बेट, धड तटबंदीही नाही. शिडं मी आवळली. वारा तिरका होता, किनाऱ्याला लागणं कठीण होतं, आणि उस्तानं शिकवलेलं सगळं मी केलं, कारण खाली चाबूक घेऊन माणूस उभा होता. लागलं. मग तोफा सुरू झाल्या. बायका पोरांना घेऊन पाण्यात शिरत होत्या, होड्या नव्हत्या, नुसत्याच शिरत होत्या. वरून सगळं दिसतं. मला वर राहायला आवडतं असं मी तुला लिहिलं होतं. बाबांनी त्या सकाळी पलिता लावू दिला असता, तर मी नसतो आणि त्या असत्या. हे त्यांना कळता कामा नये. ते मरतील.

आणखी एक आहे. धक्क्यावर बाबा जे बोलले ते इथे पोचलं. इतके जण ऐकायला होते, पोचणारच. कारकून स्वतः माळा चढून आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला नीट न्याहाळून म्हणाला, "म्हणजे तुझ्यासाठी आगजहाज वळलं तर." अदलाबदलीतून माझं नाव त्यानं तिथेच खोडलं. आता मला कधीच सोडणार नाहीत. उस्ताही रडला, पण त्याचं कोण ऐकतं? पुढच्या वसंतात मला सगळ्यांत मोठ्या जहाजावर चढवणार आहेत, खाली नाही, वरच, आणि बेडी तिथेही घालणार आहेत. तुमच्या बेटातल्या प्रत्येक कप्तानाला कळू द्या, पांतेलिसचा मुलगा कुठे आहे, असं कारकून म्हणाला.

म्हणून तुला सांगतो, आणि फक्त तुलाच सांगता येतं. मित्रोसचा दंड बरा झाला, की पुढचं आगजहाज तो नेईल, मला माहीत आहे, दुसरा आहेच कोण तितका चांगला? तो माझ्याकडे येईल तेव्हा त्याला म्हणावं, वर बघू नकोस. नुसतं समोर बघ आणि लाव.

बाबांना पहिला भाग परत परत वाचून दाखव, त्यांना हवा तितक्या वेळा.

गिकास